नसलेली भेग

१० मार्च

वहिनींना नमस्कार,

इस्त्रीचं टेबल रिकामं आहे तोवर लिहून घेते. दुपारी लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे आले की मला माझं नावसुद्धा आठवत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी स्वतः फोनवर बोलले. दादाच्या दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय, कडेचं राहिलंय, आणि हे परत यायचं नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अर्ध्या गावाच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या नशिबी हे यावं, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मुद्द्याचं. दुकानाच्या वरची खोली मी रिकामी केली आहे. जिन्याला कठडा बसवून घेतला. इथेही डोळ्यांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. तुमचा घरमालक नवीन करार मागतोय म्हणता ना, मग करू नका. दोघं इकडे या.

आणि तो अजून गळ घेऊन समुद्रातल्या त्या खडकावर, दातावर, जातो हे खरं का? आंधळेपणा आणि भरती, दोन्ही एकदम अंगावर घ्यायला तो काय पंचविशीचा आहे? तुम्ही त्याला अडवत कशा नाही? तुम्ही तर गुडघाभर पाण्याला भिणाऱ्या.

तुमची,
ठकू


२१ मार्च

प्रिय वन्सं,

फोन जेवणाच्या टेबलावर आहे आणि ह्यांचे कान आता मांजराचे झालेत. म्हणून पत्र. हे वाचलं की तुमच्या तोंडात मिठाची गुळणी पाहिजे.

हे दातावर जात नाहीत. पण जातो असं समजतात.

आधी मी अडवून बघितलं. तर म्हणाले, "पाटी गेली, आता दातही काढ." वर हसले. ते हसणं मला ऐकवेना. तुम्हाला ठाऊक आहे, भरतीला दाताच्या चारी बाजूंनी पाणी होतं. कधी उठायचं ते हे एका जुन्या खांबावरच्या शिंपल्यांची रेघ बघून ठरवायचे. ती रेघ आता ह्यांना दिसत नाही. मी दाखवते म्हणावं, तर त्या खडकावर चढायची माझी आजवर छाती झालेली नाही. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

मग मी दुसरी जागा शोधायचं ठरवलं. दुपारी हे झोपले की मी ह्यांचे गमबूट दोन मोजे चढवून घालायचे आणि पडद्याचा एक जुना दांडा हातात घेऊन निघायचे. आपल्याकडे ओहोटी लागली की समुद्र इतका मागे जातो की बंदरातल्या बोटी चिखलात कुशीवर झोपतात. तेव्हा सगळी जमीन उघडी असते. मी पडदे शिवणारी बाई. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, ही सवय. ओहोटीला समुद्र तसाच उलटा करून ठेवलेला असतो, सगळे टाके दिसतात.

एवढी वर्षं मला वाटायचं, भरती समोरून येते. वन्सं, ती समोरून येतच नाही. समोर लाटा येत राहतात आणि माणूस तिकडे बघत बसतो. खरं पाणी मागून येतं. किनाऱ्याकडे एक लांब चर आहे, ओहोटीला नुसता ओला दिसतो. भरती फिरली की त्यातून पाणी गुपचूप आत शिरतं, एक लाटसुद्धा न करता, आणि दात तोडून टाकतं. मी कितीदा तरी दुरून उभी राहून हे बघितलं. काळजाचं पाणी व्हायचं. पण बघितलं.

चराच्या अलीकडे, बंदराच्या भिंतीच्या पायऱ्यांपाशी, दगडाचा एक सपाट ओटा आहे. दगड दातासारखाच खडबडीत. पाण्याला पुढून यायला जागा आहे, मागून नाही. ह्यांना मी तिथे नेते आणि दात म्हणून बसवते. अंतर जुळावं म्हणून बोटींच्या शेडला दोन वळसे घालते. न्हाव्याला सामील करून घेतलंय, तो जाता-जाता मोठ्याने म्हणतो, "आज दातावर गर्दी नाही वाटतं."

संसारात पहिल्यांदा नवऱ्याला फसवतेय आणि ते जमतंय ह्याचंच नवल वाटतं. घरमालकाला मी जूनअखेरची मुदत मागितली आहे. तोवर बघू.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून मी काउंटरमागे इतकी हसले की एक गिऱ्हाईक पावती न घेताच निघून गेलं. शेडला दोन वळसे! दादाला, जो मला लहानपणी पत्त्यांत एकदाही जिंकू देत नसे, त्याला तुम्ही बोटीच्या शेडभोवती फिरवताय.

आणि नंतर हसू थांबलं. चिखलात एकटी, दांडा टेकत, तुम्ही. लग्न होऊन आलात तेव्हा आम्ही तुम्हाला किनाऱ्यावर नेलं होतं आणि पाणी पायाला लागताच तुम्ही माझा दंड असा धरलात की दोन दिवस वळ होता. आम्ही सगळ्यांनी तुमचं नाव भित्री भागूबाई ठेवलं. मी ते नाव आज परत घेते.

तरी खोलीचं मी विसरलेले नाही. फसवणूक किती दिवस चालेल? पडदे लावून ठेवले आहेत, तुम्हीच मागे पाठवलेले निळे.

मिठाची गुळणी धरली आहे. माझ्यासारखीला किती जड जातं, तुम्हाला कल्पना आहेच.

ठकू


१६ एप्रिल

ठकू,

जाड ब्रशने लिहितोय. अक्षर मोठं, कागद संपतो. म्हणून मजकूर थोडा.

तुझ्या वहिनीला यातलं कळता कामा नये.

ती मला दातावर नेते म्हणते. नेत नाही. भिंतीजवळच्या ओट्यावर नेते. शेडला दोनदा फिरवते. पहिल्या वळशाला डांबराचा वास आला, दुसऱ्या वळशाला तोच आला. एका गावात दोन शेड कुठून येणार?

दातावर पाणी तीन बाजूंनी बोलतं. इथे एकाच बाजूने. पहिल्या दिवशीच कळलं.

सांगणार होतो. पण ती म्हणाली, "बसा, आलो दातावर." आवाज थरथरत होता. मी बसलो.

दातावर चढताना मध्ये भेग आहे, तुला आठवेल. पाय उचलावा लागतो. इथे भेग नाही. तरी मी उचलतो. तिचं नाटक नीट व्हावं म्हणून.

मोठं नवल तिचं. पाण्याला भिणारी बाई.

उत्तर न्हाव्याच्या दुकानात पाठव. तो हातात देईल. अक्षर मुठीएवढं काढ, कडेने वाचता येतं.

दादा


११ जून

प्रिय वन्सं,

आधी चांगलं सांगते. मासे लागतायत. सुरुवातीला मला वाटलं होतं, सुरक्षित जागा म्हणजे मासे नसलेली जागा, आणि हे कंटाळून घरी बसतील. झालं उलटंच. भरती चढायला लागली की ह्यांचा गळ रिकामा येत नाही. दातावर बसणारे दोघं-तिघं परवा आमच्या ओट्याशी येऊन उभे होते. एक जण मला विचारत होता, जागा कशी निवडली. मी म्हटलं, पळता येईल अशी बघितली. त्याला वाटलं मी थट्टा करते.

आता वाईट. गेले कित्येक दिवस मी बघतेय. ओट्यावर जाताना एका ठिकाणी हे पाय उंच उचलतात. गुडघा वर, मग लांब टाकतात. दगड तिथे तळहातासारखा सपाट आहे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "भेग आहे ना." मी वाकून बघितलं, हात फिरवून बघितला. तिथे काही नाही. दुसऱ्या दिवशी परत तसंच. रोज.

मी डॉक्टरांना विचारलं नाही, धीर होत नाही. डोळे गेले ते मी सोसलं, त्यांच्या वाटणीचं मी बघते. पण नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या तर तिथे मी काय करणार? उद्या मला ओळखलं नाही तर?

वन्सं, मी हरले. घरमालकाला महिनाअखेर नाही म्हणून सांगते. आम्ही तुमच्याकडे येतो. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. गळाच्या काठ्या न्हाव्याला देईन म्हणते, त्या घरात दिसल्या तर हे झुरतील.

वहिनी


१५ जून

दादा,

हे माझं मुठीएवढं अक्षर.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमनला वाटलं, कसली तरी जाहिरात आली.

ताबडतोब पाय उचलणं बंद कर. वहिनी कधी दातावर चढल्याच नाहीत. त्यांना कसली भेग आणि कसलं काय. त्यांना वाटतंय तुझं डोकं फिरलं. त्या घर सोडायला निघाल्यात.

तू हात दाखवून अवलक्षण केलंस. नाटकात जास्तीचा प्रवेश कोणी घालायला सांगितला होता?

सगळं खरं सांगून टाक.

ठकू


१९ जून

ठकू,

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ती दातावर आलीच नव्हती. शहाणपण नडलं.

पाय आता थांबवला तर तिला वाटेल, कालची भेग आज विसरला. आणखी घाबरेल. सांगून टाकावं तर वेगळीच भीती. इतके दिवस मी तिची गंमत बघत बसलो असं तिला वाटेल. ती चिखलात एकटी फिरली. ते मला हसण्यावारी न्यायचं नाही.

एक सांगतो. मासे का लागतात ते मला उशिरा कळलं. मी चाळीस वर्षं मासा कुठून येतो ते शोधलं. ती पाणी मागून कुठून येतं ते शोधत होती, मला वाचवायला. वाट एकच निघाली. भरतीचं पाणी ज्या चरातून आत शिरतं, मासाही त्यातूनच आत येतो. आणि आम्ही शहाणे तो चर ओलांडून दातावर जाऊन बसायचो.

किनाऱ्यावरची सगळ्यात चांगली जागा तिने काढली. आणि तिला वाटतं, ती मला फसवतेय.

मला इथून हलायचं नाही. ती म्हणाली तर हलेन. तूच बघ काय ते.

दादा


२२ जून

वहिनी,

घरमालकाला काही सांगू नका. आधी हे वाचा.

तुम्ही दातावर कधी गेला नाहीत म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. तिथे चढताना मधोमध एक भेग आहे. पाय उचलूनच जावं लागतं. माझी एक चप्पल त्या भेगेत अजून आहे, आईने त्यावरून महिनाभर ऐकवलं होतं. दादाचा पाय इतकी वर्षं तिथे उचलला गेलाय. तुम्ही त्याला सांगता हा दात आहे, मग तो भेग ओलांडणार नाही तर काय करणार?

त्याचं डोकं तुमच्या-माझ्याहून ठिकाणावर आहे. ह्याहून जास्त मला विचारू नका. माझ्या तोंडात सध्या इतकं मीठ आहे की जेवण आळणी लागतं.

खोली कुठे पळून जात नाही. मला तुम्ही दोघं इकडे हवे आहात, हे मी लपवत नाही. दुकान बंद केलं की वर अंधारी खोली बघायला कुणाला आवडतं? पण असं घाबरून, काठ्या वाटून टाकून यायचं असेल तर नका येऊ.

ठकू


३० जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. तुम्ही भावाची बाजू घेऊन मला समजावत असाल अशी शंका आली. कापड दुकानदार कितीही चांगलं म्हणाला तरी मी उलटून बघते.

म्हणून मी दातावर गेले.

उधाणाचा दिवस निवडला, त्या दिवशी ओहोटी सगळ्यात लांब जाते. पाणी मागे सरत होतं तेव्हाच निघाले, म्हणजे परतायला वेळ हाताशी राहतो. चर ओलांडताना भीती वाटली, खोटं कशाला सांगू. गमबुटात मोजे ओले झाले. खडकापाशी पोचले आणि चढताना मध्ये ती भेग आली. चांगली हातभर खोल, आत शेवाळ. तुमची चप्पल काही दिसली नाही. मी पाय उचलला, अगदी हे उचलतात तसाच, आणि वर गेले.

मग सहज त्यांच्या जागी बसले. डोळे मिटून बघावं म्हटलं, ह्यांना कसं वाटत असेल.

वन्सं, पाणी तीन बाजूंनी ऐकू येतं. वारा डाव्या कानात शिरतो. पाठीमागे भिंत नाही, माणसांचे आवाज नाहीत, पायऱ्यांवरून पोरं धावत नाहीत. माझ्या ओट्यावर ह्यातलं काही नाही. तिथे आपलं एकाच बाजूला पाणी आणि मागे अख्खं गाव बोलत असतं. पडद्याआडून माझा पाय कुठल्या खोलीत पडला ते सांगणारा माणूस, तो चाळीस वर्षांचा दात विसरेल? मी डोळे मिटून तिथे बसले तेव्हा एका क्षणात कळलं. ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी तिथेच बसून रडले. आधी लाज वाटली म्हणून. शेडला वळसे घालताना मी किती गंभीर चेहरा करत होते. मग वेगळं रडू आलं. नसलेल्या भेगेवरून माणूस रोज पाय उचलतो, ते मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी त्याला वेडा ठरवून घर आवरायला निघाले होते. तुम्हालाही सगळं ठाऊक होतं, आता कळतंय ते मीठ कसलं. न्हाव्याचं तर मी तोंडच बघणार नव्हते, पण त्याने दोघांकडूनही चहा उकळलाय असं दिसतं, म्हणून सोडून दिलं.

घरी परत आले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर निघालो. शेडला वळसा घातला नाही, सरळ नेलं. पाय उचलायची जागा आली तेव्हा मीच म्हटलं, "सांभाळा, भेग आहे."

ह्यांचा पाय हवेतच राहिला.

"दातावर गेली होतीस?"

"हो."

"एकटी?"

"हो."

"चर कसा होता?"

"ओला होता. वाहत नव्हता."

"मग बरोबर वेळी गेलीस," एवढं म्हणून त्यांनी पाय पलीकडे टाकला. बसल्यावर काठी जुळवायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. मी मदत केली नाही, पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या चरावर मी कधी बसलो नाही. चाळीस वर्षं समोरून गेलो." आणि हात बाजूला करून माझ्यासाठी जागा केली.

घरमालकाला सांगितलं, करार करा. तुम्ही रागावणार, ठाऊक आहे. खोली बघून जिवाला लागेल तेही ठाऊक आहे. म्हणून एकच विनंती. चादरी कुणावर तरी सोपवून चार दिवस इकडे या. मासे तुमच्यासमोर लागले तरच तुमचा विश्वास बसेल, आणि मला तुमचा दंड परत करायचाय.

वहिनी


२४ जुलै

वहिनी,

घरी पोचले. चादरींचा डोंगर झालाय, पण आधी पत्र.

रागावायचं ठरवूनच आले होते, हे तुम्हाला कळलं असेलच. दादाला इकडे आणावं असं लिहिलेलं डॉक्टरांचं पत्रही बॅगेत होतं. ते मी बाहेर काढलंच नाही. तुमच्या ओट्यावर आता दातावरची मंडळी तुम्हाला विचारून बसतात, कुठे, किती पुढे, कधी उठायचं. तुम्ही पडदा मापावा तसं चराकडे बघता आणि सांगता, आणि मोठाले बाप्ये काठी उचलून सरकतात. दादा शेजारी बसून असा मान वळवतो जसा स्वतः रंगवलेली पाटी लोक वाचत असताना वळवायचा. माझ्या भावाला इतकं खूश मी त्याचे डोळे असतानाही बघितलं नव्हतं. आणि तुमचा दंड मीच धरला होता, पाणी चढताना. वळ असेल तर असू द्या.

वरच्या खोलीत कोणी न नेलेले कोट टांगून ठेवलेत. पण खाट हलवलेली नाही. थंडीत तुम्ही दोघं महिनाभर या, समुद्राला सुट्टी देऊन. बाकी अकरा महिने मी काही बोलणार नाही, निदान प्रयत्न करीन.

एक गोष्ट तिथे सांगायची राहिली, कारण सांगताना मला नीट बोलता आलं नसतं. शेवटच्या दिवशी आपण ओट्यावर निघालो, दादा पुढे, तुम्ही त्याच्या कोपराला धरून, आणि मी मागे पिशवी घेऊन. ती जागा आली. तुम्ही म्हणालात, सांभाळा, भेग आहे. त्याने पाय उचलला. तुम्हीही उचललात. कोणी हसलं नाही, जणू काही ती तिथे कायमचीच आहे.

माझे डोळे चांगले आहेत. दगड सपाट होता, कोरडा होता, मला स्वच्छ दिसत होता. तुम्हा दोघांपैकी कोणी मागे वळून बघत नव्हतं.

तरी मी पाय उचलला.

तुमची,
ठकू